कंपाऊंडात झाड लावताय? फूल नंतर बघा, आधी जमीन बघा

दरवर्षी जून लागला की मुंबईत दोन प्रकारचे फोटो एकदमच सुरू होतात. एक, झाड पडून चेपलेल्या गाड्यांचे. दुसरे सोसायटीतल्या वृक्षारोपणाचे, मध्ये सेक्रेटरी, बाजूला कमिटी मेंबर, चारपाच हात एकाच फावड्याला, आणि पुढे एक काडीएवढं रोप ज्याच्याकडे कुणाचंच लक्ष नाही. या दोन फोटोंचा एकमेकांशी फार जवळचा संबंध आहे, कारण आज जे झाड पडतंय तेही वीसतीस वर्षांपूर्वी असंच कुणीतरी हौसेने लावलेलं असतं, आणि ते टिकणार की आडवं होणार याचा बराचसा निकाल त्याच दिवशी लागलेला असतो, कुठलं रोप आणलं आणि कुठे खड्डा खणला त्यावरून.

तर हे सगळं छोट्या जागेसाठी आहे. सोसायटीचं कंपाऊंड, बैठ्या घराचं अंगण, रो हाऊसच्या मागची पट्टी, चाळीसमोरचा मोकळा तुकडा. अशा जागेत शोभेचं झाड लावायचं तर लोक पहिला प्रश्न विचारतात तो फुलाचा, कुठल्या रंगाचं, वास आहे का, बारमाही आहे का. माझं म्हणणं एवढंच की हा प्रश्न शेवटचा आहे. पहिला प्रश्न, झाड पूर्ण वाढलं की त्याला जमिनीखाली किती जागा लागेल आणि आपल्याकडे ती आहे का.

मुळं खाली जातात ना, मग जागेचा काय प्रश्न?

इथेच सगळा घोळ आहे. शाळेत सोटमूळ शिकलेलो असतो, त्यामुळे डोक्यात चित्र असं की झाड वर जेवढं उंच तेवढंच मूळ सरळ खाली गेलंय. रोप लहान असताना ते बऱ्यापैकी खरंही असतं. पण झाड मोठं झालं की बहुतेक जातींची बहुतेक मुळं वरच्या दोनतीन फुटांतच असतात, कारण मुळांनाही श्वास घ्यायला लागतो, आणि हवा, ओल, कुजलेला पाला हे सगळं वरच्याच थरात असतं. त्यामुळे ती आडवी पसरतात, आणि फांद्यांचा घेर जिथे संपतो त्याच्याही बाहेर जातात.

देवघरातली समई आठवा. एवढी उंच असून कलंडत नाही, कारण तिचं बूड पसरट आणि जड असतं. झाडही तसंच उभं असतं, पसरट बुडावर. आता या बुडाची एक बाजू कापली तर? मुंबईच्या कंपाऊंडात नेमकं हेच होत असतं, कधी पेव्हर ब्लॉक बसवायला, कधी ड्रेनेज लाइन बदलायला, कधी गॅसचा पाइप टाकायला किंवा पार्किंग वाढवायला बुंध्याच्या दोन फुटांवरून चर खणतात आणि मनगटाएवढी मुळं पहारीने तोडून टाकतात. वरून काहीच कळत नाही, झाड हिरवंगार असतं कारण उरलेली मुळं पाणी पुरवत असतात. मग दोनतीन पावसाळ्यांनी एका रात्री जमीन चिंब भिजलेली, तिची पकड सैल झालेली, आणि वारा सुटतो. सकाळी सगळे म्हणतात, अहो चांगलं निरोगी झाड होतं, पडलं कसं.

१७ मे २०२१ला तौक्ते वादळ मुंबईच्या बाजूने गेलं तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेला होता आणि ठिकठिकाणी झाडं उन्मळून पडली. एवढ्या वाऱ्यात धडधाकट झाडही पडू शकतं, ते मान्य. पण पडलेल्या झाडाचं बूड कधी नीट बघा, काँक्रीटच्या चौकोनात वाढलेल्या झाडाची मुळं बरेचदा त्या चौकोनाच्या मापातच राहिलेली दिसतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३मध्ये दिल्लीच्या एका प्रकरणात झाडाभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवायला सांगितलं होतं. एक मीटर हे कमीत कमी हं, भरपूर नव्हे.

नाही जमलं तर काढून टाकू, त्यात काय!

असं नसतं. १९७५ सालचा राज्याचा वृक्ष संरक्षण कायदा आहे, त्यानुसार शहरात झाड तोडायला परवानगी लागते, आणि झाड तुमच्या स्वतःच्या जमिनीत असलं, तुम्हीच लावलेलं असलं तरी लागते. महापालिकेचं वृक्ष प्राधिकरण हे बघतं. अर्ज करा, माणूस येऊन पाहणी करणार, कारण पटलं तर परवानगी. नुसत्या फांद्या छाटायच्या तरी वॉर्ड ऑफिसच्या उद्यान खात्याला विचारायला लागतं. २०२१मध्ये कायद्यात बदल होऊन पन्नास वर्षांच्या वरच्या झाडांना हेरिटेज झाडाचा दर्जा आला, म्हणजे त्यांचे नियम आणखी कडक.

हा कायदा हवाच, नाहीतर रिडेव्हलपमेंटच्या नावाखाली एक झाड शिल्लक राहिलं नसतं. पण याचा अर्थ असाही होतो की रोप लावणं हा पाच मिनिटांचा निर्णय असला तरी त्याचे परिणाम तुमच्या नंतरच्या चारपाच कमिट्या भोगणार आहेत.

जागा बघायची म्हणजे नक्की काय बघायचं?

आधी वर बघा. विजेची किंवा केबलची वायर, पहिल्या मजल्याची ग्रिल, फायर ब्रिगेडची गाडी आत वळते तो रस्ता. मग खाली, म्हणजे पाण्याची टाकी, ड्रेनेजचे चेंबर, मीटरकडे जाणारी केबल. सोसायटीकडे प्लॅन नसेल तर जुन्या प्लंबरला विचारा, त्याला सेक्रेटरीपेक्षा जास्त माहिती असते. पंधरावीस फुटांपर्यंत वाढणाऱ्या छोट्या झाडाला भिंतीपासून सहासात फूट तरी सोडावेत, आणि तीसचाळीस फुटी झाडाला पंधरा. बिल्डिंग आणि कंपाऊंड वॉलच्या मध्ये एकूण दहा फूट असतील तर दुसऱ्या प्रकारचं झाड विसरून जा.

उन्हाचं गणित मात्र बहुतेक जण चुकवतात. मुंबईत मे ते जुलैच्या सुमाराला दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे मे महिन्यात जागा बघायला गेलात तर बिल्डिंगच्या उत्तरेची पट्टीही उन्हात न्हालेली दिसते. तीच पट्टी डिसेंबरात बघा, सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि सात मजली बिल्डिंगची सावली दिवसभर तिथून हलत नाही. बहावा, ताम्हण, कांचन यांना फुलायला भरपूर थेट ऊन लागतं. सावलीत ती मरत नाहीत, पण नुसती उंच किडकिडीत होऊन उन्हाच्या दिशेने झुकतात, आणि झुकलेलं झाड पुढे डोकेदुखी होतं.

तिसरं म्हणजे पाणी साचतं का. दोन फुटांचा खड्डा खणा, बादल्यांनी भरा, पाणी जिरलं की परत भरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. पाणी तसंच असेल तर खाली चिकणमाती किंवा दाबलेला भराव आहे, आणि मुंबईच्या पावसात, म्हणजे वर्षाला दोन हजार मिलीमीटरच्या वर आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत, तिथे चाफा, पारिजातक, बहावा यांची मुळं कुजणार.

बरं, आता नावं सांगा

सांगते, पण वरचं सोडून थेट इथे आला असाल तर परत वर जा.

ताम्हणापासून सुरू करू, आपलं राज्यफूल. एप्रिल-मेमध्ये जांभळ्या फुलांनी भरतं, महाराष्ट्र दिनाच्या आसपास ऐन बहरात असतं. मुळात कोकणातल्या ओढ्याकाठचं झाड, त्यामुळे पावसाळ्यातल्या ओलीची त्याला सवय आहे, लाकूडही मजबूत. पण तीसचाळीस फूट होतं, म्हणून कंपाऊंडाच्या मोकळ्या उन्हाच्या कोपऱ्यातच लावा. बहाव्याचंही माप साधारण तेच, फक्त त्याला निचऱ्याची जमीन हवी. त्याच्या पानांवर फुलपाखरांच्या हिरव्या अळ्या येतात आणि कधीकधी झाड अर्धं खाऊन टाकतात, तेव्हा घाबरून औषध मारायचं नाही, पालवी परत फुटते आणि फुलपाखरं फुकटात मिळतात.

जागा खरंच कमी असेल तर चाफा, म्हणजे देवळाबाहेर असतो तो. पंधरावीस फुटांवर जात नाही, मुळं भिंतीला फारशी त्रास देत नाहीत, फांदी तोडून लावली तरी येतो. फक्त तोडलेली फांदी आठवडाभर सावलीत सुकू द्यायची, चीक वाळला की मग लावायची, नाहीतर बुडाशी कुजते. हिवाळ्यात पानं गळून नुसत्या काटक्या उरतात तेव्हा कुणीतरी ग्रुपवर लिहितंच की चाफा मेला. मेलेला नसतो. पारिजातकही छोट्या जागेतलं, पण तो सकाळी सडा घालतो, त्यामुळे गाड्या लागतात तिथे नको, नाहीतर रोज कुणीतरी बोनेट पुसत शिव्या देणार. कुंती, म्हणजे कामिनी, मुळात झुडूप, पण खालचे फुटवे काढत एकच बुंधा ठेवला तर दहाबारा फुटांचं सुंदर झाड होतं, आणि पावसाच्या सरीनंतर एकदम पांढऱ्या फुलांनी भरून सगळा जिना दरवळतो.

सावलीच्या पट्टीसाठी माझी पहिली पसंती सीताअशोकाला. कंपाऊंडाच्या कडेने सरळसोट खांबासारखे उभे असतात ते आसुपालव, त्यांना सगळे अशोक म्हणतात पण तो अशोक वेगळा. खरा सीताअशोक थोडी सावली आणि ओल आवडणारा, सावकाश वाढणारा, वसंतात बुंध्याजवळच्या जुन्या फांद्यांवरही केशरी-लाल गुच्छ येतात. रानात तो आता कमी होत चाललाय, त्यामुळे कंपाऊंडात एक असला तर बरंच. बकुळही सावली सोसते, बारमाही हिरवी आणि वाऱ्याला खंबीर, पण संयम लागतो, ती घाईत नसते.

वरळी, वांद्रे, वर्सोवा अशा समुद्राच्या तोंडावर असाल तर पावसाळी वाऱ्याबरोबर खारं पाणी येतं आणि नाजूक पानं करपतात. तिथे भेंड लावा, पिवळी फुलं संध्याकाळपर्यंत तांबूस होतात, किंवा जागा मोठी असेल तर उंडी. ही किनाऱ्यावरचीच झाडं आहेत, त्यांना खाऱ्या वाऱ्याचं नवल नाही.

कांचनाबद्दल एकच सांगते. काही जातींना शेंगा भरपूर येतात आणि खाली रोपांचं रान माजतं. हाँगकाँगच्या झेंड्यावर जो कांचन आहे तो मात्र संकरित, त्याला शेंगाच धरत नाहीत, नर्सरीत मिळाला तर तो घ्या.

गुलमोहर तर सगळीकडे आहे, मग आम्हीच का नको?

सगळीकडे आहे म्हणूनच पावसाळ्यात सगळीकडे पडतो. मूळ मादागास्करचा, मोठ्या मोकळ्या जागेत अप्रतिम दिसतो, पण लाकूड ठिसूळ, मुळं अगदी वरवर, आणि घेर उंचीपेक्षाही रुंद होऊ शकतो. दहा फुटी पट्टीत त्याला पसरायला जागाच नाही, मग फांद्या शेजारच्या प्लॉटवर जातात आणि भांडणं कमिटीकडे येतात. पिवळ्या फुलांच्या सोनमोहराचंही तेच. पूर्व द्रुतगती मार्गावर विक्रोळीजवळ गुलाबी टॅबेबुया फुलतो तेव्हा आम्हालाही तो हवा अशी टूम निघते, पण तो हायवेच्या कडेला आहे हे लक्षात घ्या. सोनचाफ्याच्या बाबतीत लोक असेच फसतात, वसईच्या वाड्यांमध्ये छाटून छाटून हाताच्या उंचीवर ठेवलेला कलमी चाफा बघतात आणि बीपासून केलेलं रोप आणतात, ते पुढे साठ फुटांवर जातं आणि फुलं चौथ्या मजल्यावाल्यांना मिळतात. कैलासपतीची फुलं सुंदर, पण तोफगोळ्याएवढी फळं खाली पडतात, पार्किंगजवळ तर बिलकुल नको. वड, पिंपळ, उंबर ही देवळाच्या पारावरची झाडं, कंपाऊंडातली नव्हेत.

देशीच लावायला हवं ना?

शक्यतो हो, इथल्या पक्ष्यांची, फुलपाखरांची, मधमाश्यांची त्यांच्याशी जुनी ओळख असते आणि इथला पाऊसही त्यांना नवा नाही. पण याचा धर्म करू नये. देवळाबाहेरचा चाफा मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा आहे आणि तो काढा असं कुणी म्हणत नाही. दुसरीकडे पिंपळ शंभर टक्के देशी आहे आणि कंपाऊंड वॉलची वाट लावतो. जे खरंच टाळायचं ते कोनोकार्पस, पटापट वाढतं म्हणून बिल्डर लोक कुंपणाला लावतात ते हिरवंगार झुडपी झाड, गुजरातने २०२३मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, परागकणांची ॲलर्जी आणि पाण्याच्या लाइनमध्ये घुसणारी मुळं ही कारणं.

नर्सरीत सगळ्यात उंच रोप घेऊ नका

आपल्याला वाटतं बारा फुटी आणलं म्हणजे पाच वर्षं वाचली. उलट होतं. एवढं मोठं झाड जमिनीतून उचलताना त्याची बरीचशी मुळं मागेच राहतात, मग नव्या जागी ते वर्ष-दोन वर्षं नुसतं जीव धरून बसतं, आणि तोपर्यंत शेजारी लावलेलं चार फुटी रोप त्याला गाठतं. त्यातून ग्रोबॅगमध्ये जास्त दिवस राहिलेल्या रोपाची मुळं पिशवीच्या आत गोलगोल फिरलेली असतात, ती तशीच लावली तर पुढे जाड होऊन बुंध्याचाच गळा आवळतात, आणि पसरट बूड कधी तयारच होत नाही. म्हणून चार-पाच फुटी, बोटापेक्षा जाड बुंध्याचं, काठीशिवाय स्वतःच्या पायावर उभं असलेलं रोप बघा. नर्सरीवाला नाक मुरडेल, तरी पिशवी थोडी सोडून मुळं बघा.

पूर्ण वाढलेलं झाड केवढं होतं हे फोटोत कळत नाही. त्यासाठी एक रविवार भायखळ्याच्या राणीच्या बागेत काढा. सगळे पेंग्विन बघायला पळतात, तुम्ही झाडं बघा.

लावायचं कधी आणि कसं

५ जूनला पर्यावरण दिन असतो म्हणून त्या दिवशी लावतात. मुंबईत मान्सून हवामान खात्याच्या हिशेबाने साधारण ११ जूनला येतो, कधी त्याहूनही उशिरा. म्हणजे रोप बरोबर सगळ्यात उकाड्याच्या आठवड्यात उघड्यावर. फोटो ५ तारखेला काढा हवं तर, रोप जूनच्या शेवटी किंवा जुलैत लावा, चारदोन चांगले पाऊस होऊन जमीन आतपर्यंत भिजल्यावर. मग ऑक्टोबर हीट सुरू होईपर्यंत त्याला तीन महिने मिळतात.

खड्डा रुंद हवा, खोल नव्हे. तीन फूट रुंद आणि मुळांच्या गोळ्याएवढाच खोल. खणताना विटांचे तुकडे, टाइल्स, सिमेंटचा चुरा निघणार, मुंबईत जमीन म्हणजे बरेचदा डेब्रिजच असतं, ते सगळं फेकून चांगली लाल माती आणि त्यात एक तृतीयांश कुजलेलं शेणखत घाला. जास्त खत घालून लाड करू नका, मुळं खड्ड्यातच रमतात, बाहेर पडतच नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बुंधा संपून मुळं सुरू होतात तिथे थोडा फुगवटा असतो, त्याला मुळांची मान म्हणू. ही मान जमिनीच्या पातळीला किंवा बोटभर वरच राहायला हवी. पिशवी पूर्ण काढायची, फिरलेली मुळं मोकळी करायची, हट्टी असतील ती कापायची. मान पुरली तर साल सतत ओली राहून कुजते, आणि आपल्याकडे तर हौसेने बुंध्याभोवती मातीचा ढीग आणि वर विटांचा गोल कट्टा करायची पद्धतच आहे. कट्टा करायचाच तर लांबून, आणि आत भर न घालता. पालापाचोळ्याचा चार बोटं थर द्या, तोही बुंध्यापासून वीतभर लांब. काठी लावलीत तर दोरी सैल बांधा, वाऱ्यात थोडं हलल्यानेच बुंधा मजबूत होतो, आणि वर्षभराने दोरी सोडायला कुणाला तरी सांगून ठेवा कारण ती विसरली जाते आणि सालीत रुतते.

मुळं बिल्डिंगचा पाया फोडतात हे खरं का?

धडधाकट आरसीसी पाया मुळं सहसा फोडत नाहीत. ती ओल शोधत जातात, आधीच फुटलेल्या ड्रेनेज पाइपात, भेगा पडलेल्या जुन्या भिंतीत शिरतात आणि मग जाड होऊन भेग वाढवतात. कंपाऊंड वॉल आणि पेव्हर ब्लॉक मात्र खरंच उचलले जातात. भिंतीतून उगवलेला पिंपळ ही वेगळी केस, तो पक्ष्यांच्या विष्ठेतल्या बीमधून येतो, तुमच्या बागेचा त्यात काही दोष नाही.

आमच्याकडे जमीनच नाही, पॉडियम आहे

मग झाडाच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनियर. एक घनमीटर ओली माती दीड ते दोन टन भरते, आणि हे वजन खालच्या पार्किंगच्या स्लॅबवर कायमचं. वर मुळांना पसरट बूड करायला खोली नाही आणि वारा जमिनीपेक्षा जास्त. तिथे कामिनी, चाफा, तगर, कण्हेर यांच्यापुढे जाऊ नये असं मला वाटतं, आणि तेही वॉटरप्रूफिंग तपासूनच.

चुकीचं झाड आधीच लागलेलं असेल तर?

रात्रीत ॲसिड ओतणं, बुंध्याची साल गोल काढणं असले उद्योग लोक करतात, तो गुन्हा आहे आणि वाळलेलं झाड हिरव्या झाडापेक्षा जास्त धोकादायक. शेंडा सरसकट उडवायचाही नाही, कापलेल्या जागेतून झुपकेदार फुटवे येतात, त्यांचा सांधा कच्चा असतो आणि पुढच्या दोनतीन पावसाळ्यांत तेच तुटून पडतात. आधी बुंध्याभोवतीचे पेव्हर ब्लॉक काढा, मीटरभर तरी. मग मार्च-एप्रिलमध्येच उद्यान खात्याकडे छाटणीचा अर्ज टाका, मेअखेरीला सगळ्या मुंबईचे अर्ज एकदम जातात. बुंधा नव्याने कललेला दिसला, बुडाशी एका बाजूची माती उचलल्यासारखी झाली किंवा भेग पडली तर वाट बघू नका, खालच्या गाड्या हलवा आणि महापालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनला फोन करा. आणि ते झाड अजून दहापंधरा वर्षं उभं राहणार असेल, तर त्याच्या जागी पुढे जे हवंय ते बकुळीचं किंवा सीताअशोकाचं रोप या जुलैतच योग्य अंतरावर लावून टाका, दोघंही सावकाश वाढतात आणि मोठ्या झाडाच्या सावलीत त्यांना चालतं.